कै. राम गणेश गडकरी : ज्यांनी आपला ‘एकच प्याला’ रंगभूमीवर पाहिला नाही

अलिबाग-रेवदंड्यापासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंतच्या आमच्या या किनारपट्टीत जुन्या पिढीची चार माणसे उत्सवाच्या निमित्ताने एकत्र आली आणि बोलणे नाटकांवर गेले, की थोड्याच वेळात ते ‘एकच प्याला’वर येऊन स्थिरावत असे. कोणी बालगंधर्वांचा स्वर आठवी, कोणी सिंधूच्या अंगावरचे ते ठिगळांचे लुगडे आठवी, कोणी तळीरामाच्या मद्यपी मंडळाचा प्रवेश नकलेसह सांगून सर्वांस हसवी. मग शेवटच्या अंकाचा विषय निघे आणि ओसरीवर क्षणभर शांतता पसरे. लहानपणी अशा बैठकी आम्ही पुष्कळ ऐकल्या. आज मागे वळून पाहताना एक गोष्ट मात्र मनास लागून राहते. त्या आठवणींत गाणाऱ्याचे नाव पहिले येई, लिहिणाऱ्याचे शेवटी येई, आणि कित्येकदा येतही नसे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्या लिहिणाऱ्याचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

राम गणेश गडकरी यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेत नवसारीनजीक गणदेवी येथे, आपल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीतील एका सामान्य स्थितीच्या कुटुंबात झाला. वय आठ वर्षांचे असतानाच वडिलांचे छत्र हरपले आणि पाठोपाठ धाकटा भाऊही गेला. बालपण गुजराती मुलखात गेल्यामुळे पहिले शिक्षण गुजरातीतच झाले. मराठीचे रीतसर शिक्षण त्यांस पुढे बऱ्याच उशिरा, पुण्यास आल्यावर मिळाले. ज्या पुरुषाच्या मराठीने पुढे साऱ्या महाराष्ट्रास वेड लावले, त्यास ती भाषा शाळेत इतक्या उशिरा भेटावी, हे वाचून नवल वाटते. परंतु विचार केल्यास उलगडाही होतो. जे सहज हाती येते त्याची किंमत माणसास नसते. गडकऱ्यांनी मराठी भाषा कमावलेल्या धनासारखी मोजून, पारखून आणि प्रसंगी उधळूनही वापरली, त्याचे मूळ कदाचित येथेच असावे.

विसाव्या वर्षाच्या सुमारास शालेय शिक्षण आटोपून ते फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. पहिल्याच वर्षी गणिताने दगा दिला आणि घरची ओढगस्त पाहता दुसऱ्यांदा प्रयत्न करण्याची सवड उरली नाही. पोटासाठी त्यांनी शिक्षकी केली, काही काळ ‘ज्ञानप्रकाश’ पत्रात काम केले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीत तेथील बालनटांना शिकविण्याची नोकरीही केली. मंडळीतील माणसे त्यांस गडकरी मास्तर म्हणत. वरकरणी ही नोकरी लहान होती, पण त्या काळी महाराष्ट्रात नाटक शिकण्यास याहून मोठी शाळा नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले, आणि गाणे हा मराठी नाटकाचा प्राण होऊन बसला. देवलांच्या ‘शारदे’ने १८९९ मध्ये दाखवून दिले, की हेच गाणे समाजाच्या दुखण्यावरही बोट ठेवू शकते. या दोन्ही गोष्टी तरुण गडकऱ्यांनी विंगेत उभे राहून पाहिल्या, आणि रात्रीच्या खेळात कोठे टाळी पडते व कोठे प्रेक्षक जांभई देतो, याचा अभ्यास केला.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे त्यांचे वाङ्मयातील गुरू. गुरूंचा कोटिबाजपणा शिष्याने उचलला, आणि त्यास स्वतःच्या भावनेचा वेग दिला. कविता ते ‘गोविंदाग्रज’ या नावाने लिहीत आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने. एकाच माणसाच्या पोटी रडू आणि हसू अशी दोन वेगळी नावे घेऊन नांदत होती. नाटक लिहिताना मात्र त्यांस राम गणेश गडकरी हे खरे नाव लागे, कारण तेथे दोघांनाही एकाच घरात राहावे लागे. ‘प्रेमसंन्यास’ १९१२ मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीने केले आणि १९१६ मध्ये ‘पुण्यप्रभाव’ रंगभूमीवर आले. तिशीतल्या या लेखकाचे नाव सर्वतोमुखी झाले. आणि नेमक्या त्याच सुमारास क्षयाने त्यांच्या शरीरात घर केले.

‘एकच प्याला’ या काळातील आहे. सुधाकर हा बुद्धिमान व मानी वकील. न्यायाधीशाशी झालेल्या खटक्यामुळे त्याची सनद काही काळ रद्द होते. अपमानाच्या त्या घटकेस त्याचा कारकून तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. त्यानंतरची सारी कथा हा एका उतारावरचा प्रवास आहे. श्रीमंत माहेरची सिंधू दळण दळून पोट भरू लागते; मित्र रामलाल आणि मेहुणा पद्माकर यांची खटपट विफल होते; दारूच्या धुंदीत सुधाकराच्या हातून पोटचे मूल जाते आणि सिंधू मरणाच्या दारी पोहोचते. ती पोलिसांपुढेही नवऱ्यास दोष लागू देत नाही, आणि सुधाकर शेवटच्या प्याल्यात विष कालवून स्वतःचा अंत करतो. दारूच्या दुष्परिणामांवर व्याख्याने पूर्वीही होत होती. गडकऱ्यांनी अधिक काय केले, तर दारू पिणारा मुळात वाईट असतो हा सोयीचा समज काढून टाकला. त्यांचा सुधाकर हा सभागृहातील कोणाही सज्जन गृहस्थासारखा आहे. म्हणूनच त्याचे घसरणे पाहताना प्रेक्षकास आपल्याच पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटे.

नाटक गंधर्व नाटक मंडळीने घेतले. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी १९१३ मध्ये काढलेली ही मंडळी तेव्हा वैभवाच्या शिखरावर होती, आणि तिच्या नाटकास पदे हवीतच. पण गडकऱ्यांची प्रकृती आता त्या श्रमास पुरत नव्हती. अखेर त्यांचे स्नेही व ख्यातनाम कथालेखक विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी ती पदे रचून दिली. काही पदांच्या चाली पुण्याच्या सुप्रसिद्ध गायिका सुंदराबाई जाधव यांच्याकडून आल्या. म्हणजे ज्या पदांवर आमच्या वाडवडिलांनी जीव टाकला, ती गडकऱ्यांची नव्हतीच. शब्द मित्राचे, चाली इतरांच्या, कंठ बालगंधर्वांचा. गडकऱ्यांचे होते ते त्या गाण्याखालचे दुःख. परंतु ते दुःख नसते, तर ती पदे मैफलीतील पदांसारखी ऐकली गेली असती आणि विसरलीही गेली असती.

हवापालटासाठी म्हणून ते नागपूरजवळ सावनेर येथे गेले. तेथेही लेखणी थांबली नाही. ‘भावबंधन’ त्यांनी अंथरुणावरच पुरे केले. मृत्यूपूर्वी काही तासच ते काम संपले होते, असे सांगतात. २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. त्यानंतर अठ्ठावीस दिवसांनी, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, बडोद्यास ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग झाला. एरवी भरजरी शालूंत वावरणारे बालगंधर्व सिंधू होऊन ठिगळांच्या लुगड्यात उभे राहिले, गणपतराव बोडसांचा सुधाकर पाहून लोक सुन्न झाले, आणि मराठी रंगभूमीवर एक युग उगवले. ज्याने ते उगवू दिले, तो मात्र सभागृहात नव्हता.

आमच्या किनाऱ्यावर हे नाटक कसे पोहोचले, ते सांगणे येथे अवश्य आहे. त्या काळी मुंबई आम्हांस रस्त्याने दूर आणि पाण्याने जवळ होती. रेवसहून किंवा धरमतरहून आगबोटीने मुंबई गाठावी, नातलगांच्या बिऱ्हाडी पिशवी टाकावी, आणि रात्री थिएटरात जाऊन बसावे, असा हौशी मंडळींचा परिपाठ असे. खेळ पहाटेपर्यंत चाले. न झोपलेल्या डोळ्यांनी सकाळची आगबोट पकडून माणसे गावी परतत, आणि संध्याकाळी नारळी-पोफळीच्या वाडीत त्यांच्याभोवती न गेलेल्यांचा गराडा पडे. पावसाळ्यात बोटी बंद असत, तेव्हा चार महिने त्याच त्या हकिकतीवर गुजराण होई. पुढे चावीचे ग्रामोफोन आले. सुखवस्तू घरांतून बालगंधर्वांच्या तबकड्या आल्या, आणि ज्यांनी थिएटरचे तोंडही पाहिले नव्हते अशा स्वयंपाकघरातील बायाबापड्यांनाही सिंधूची पदे पाठ झाली.

उत्सवांत गावची हौशी मंडळीही हे नाटक बसवीत. अंगणात माडाच्या झावळ्यांचा मांडव, गॅसबत्तीचा उजेड, पायपेटीवर शाळेतले मास्तर, आणि सिंधूच्या वेषात मिसरूड उतरविलेला एखादा पोस्टातला कारकून. अशा एका प्रयोगाची आठवण आम्ही लहानपणी वारंवार ऐकली आहे. मूल जाण्याच्या प्रवेशास बायकांच्या बाजूने असा हुंदका फुटला, की सुधाकराचे काम करणारा गृहस्थ पुढचे भाषण विसरला. लोकांनी मात्र ती विसर अभिनयच समजून घेतली.

पण सगळ्याच आठवणी गोड नव्हत्या, हेही लिहिलेच पाहिजे. आमचा हा मुलूख माडांचा आहे, आणि माडाखाली केवळ शहाळेच मिळत होते असे नाही. आमच्या आळीत एक वृद्धा होत्या. शेजारी ‘एकच प्याला’ची तबकडी लागली, की त्या उठून मागीलदारी जात. आम्हां मुलांना वाटे, म्हातारीस गाण्याची आवड नाही. पुष्कळ वर्षांनी थोरांकडून कळले, की त्यांनी ते नाटक तरुणपणी एकदाच पाहिले होते आणि त्यांच्या घरी त्याचे सर्व अंक प्रत्यक्ष घडून गेले होते. ज्यास लोक सुरेल म्हणून माना डोलावीत होते, ते त्यांच्या लेखी जसेच्या तसे खरे होते. आमच्या मते गडकऱ्यांस समजलेला प्रेक्षक कोणी असेल, तर त्या वृद्धाच होत. इतरांनी सिंधूचे गाणे ऐकले. त्यांनी सिंधूस ओळखले.

गडकऱ्यांच्या लेखनातील दोष दाखविणारे टीकाकार त्यांच्या काळीही होते, पुढेही झाले. त्यांची पात्रे फार बोलतात, कोट्यांची आतषबाजी कित्येकदा प्रसंगास झाकून टाकते, हे खोटे नाही. सिंधूच्या निमूट सोसण्याचा गौरव आजच्या वाचकास, विशेषतः आमच्या भगिनींस, खटकतो, आणि तो खटकावा हेच योग्य होय. नवऱ्याच्या हातून घाव खाऊन त्याच्यावर पांघरूण घालणे हा आज आदर्श म्हणून कोणी मुलीपुढे ठेवू नये. परंतु गीतेच्या रूपाने त्याच नाटकात तळीरामाची बायको आपल्या नवऱ्यास खडखडीत उत्तरे देते, याचाही विसर पडू नये. शिवाय दारूचा पहिला घोट आणि शेवटचा घोट यांत अंतर किती थोडे असते, हे त्यांनी जे दाखविले त्यास शंभर वर्षांनंतरही कोणास उत्तर देता आलेले नाही. मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा १९४९ मध्ये झाला. कायद्याने जे साधले नाही, ते एका नाटकाने साधावे अशी अपेक्षा करणे अन्याय्य होईल. एवढे मात्र खरे, की त्या नाटकाने घरातली लाजिरवाणी गोष्ट चारचौघांत बोलण्याजोगी केली.

त्यांच्या पश्चात ‘भावबंधन’ मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने गाजविले. ‘वाग्वैजयंती’ हा काव्यसंग्रह आणि अपुरे ‘राजसंन्यास’ हेही त्यांच्या मृत्यूनंतरच प्रसिद्ध झाले. १९६२ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानात त्यांचा पुतळा उभा राहिला. जानेवारी २०१७ मध्ये ‘राजसंन्यासा’तील चित्रणाच्या रागापोटी तो उखडून मुठेच्या पात्रात टाकण्यात आला. लेखकाशी मतभेद असावेत, ते लिहून व बोलून मांडावेत. परंतु अपुऱ्या राहिलेल्या नाटकाचा जाब शतकापूर्वी गेलेल्या माणसाच्या मूर्तीस विचारणे आम्हांस दुःखद वाटले. ठाण्याचे गडकरी रंगायतन त्यांचे नाव सांगत उभे आहे, आणि तेथे आजही तिसरी घंटा होते, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट होय.

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीच्या थोर पुरुषांचा अभिमान बाळगणे स्वाभाविक आहे, आणि तो आम्हांसही आहे. पण गडकऱ्यांस आपल्या ज्ञातीचे म्हणताना थोडा संकोच वाटावा, इतके ते साऱ्या मराठी मुलखाचे झाले आहेत. त्यांच्या नाटकातले सुख बालगंधर्वांच्या चाहत्यांनी लुटले, त्यांच्या कवितेवर तरुण पिढ्या वाढल्या, आणि स्वतः त्यांच्या वाट्यास आले ते दारिद्र्य, आजार व तेहतीस वर्षांचे आयुष्य. आपल्या वाडवडिलांनी आगबोटीतून जागरणे करून आणलेल्या त्या आठवणी आता आपल्याबरोबर संपत चालल्या आहेत. त्या नव्या पिढीस सांगताना एवढेच करावे, की सिंधूच्या गाण्याबरोबर ते दुःख ज्याच्या लेखणीतून उतरले, त्याचेही नाव घ्यावे, आणि ते पहिले घ्यावे. त्या अल्पायुषी, अविस्मरणीय नाटककाराच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.