कवटीच्या तळाशी : आंद्रेआस व्हेसालियस

आमच्या घरात छापील पुस्तक प्रथम आले ते माझ्या दप्तरातून. त्यामुळे छापले ते खरे, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. व्हेसालियसचे चरित्र वाचताना ती पहिल्यांदा डळमळली.

व्हेसालियस ३१ डिसेंबर १५१४ रोजी ब्रुसेल्सला जन्मला. वडील सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पदरी औषधे तयार करीत. वैद्यक शिकायला तो पॅरिसला गेला. त्या काळी न्हावी शव फाडी आणि प्राध्यापक उंच आसनावरून दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेनचे ग्रंथ वाचून दाखवीत. या विद्यार्थ्याचे त्यावर समाधान होईना. तो दफनभूमीत जाऊन हाडे चाळीत बसे. डोळे बांधून, नुसत्या स्पर्शाने हाड ओळखण्याच्या पैजा लावी. १५३७ साली पदुआच्या विद्यापीठात तो अध्यापक झाला, तेव्हा तेवीस वर्षेही पुरी नव्हती. तेथे त्याने सुरी स्वतःच्या हाती घेतली.

मेंदू ज्यावर टेकलेला असतो तो कवटीचा तळ म्हणजे छिद्राछिद्रांचे खडबडीत हाड. सर्वांत मोठ्या छिद्रातून मज्जारज्जू खाली उतरतो. मेंदूकडे जाणारी मानेतील रोहिणी दुसऱ्या वाटेने आत शिरते. गॅलेनच्या मते येथे या रोहिणीचे एक अद्भुत जाळे बनते व त्यात प्राणशक्ती शुद्ध होऊन मेंदूला मिळते. पण गॅलेनची विच्छेदने जनावरांवरची. बैलामेंढ्यांत हे जाळे असते, माणसात नसते.

व्हेसालियसनेही आधी ते मानलेच. १५३८ च्या त्याच्या तक्त्यांत जाळे काढलेले आहे. एवढेच नव्हे, तर माणसाच्या डोक्यात ते दाखविता येईना म्हणून विच्छेदनाच्या वेळी तो कोकराचे किंवा बैलाचे डोके जवळ ठेवी! शाळेत प्रयोगवहीत उत्तर आधी लिहून निरीक्षणे मागून भरणारे आम्ही; त्याला हसणार कोणत्या तोंडाने?

आणि हे आपल्याला कळले कसे? त्यानेच सांगितले म्हणून. १५४३ साली बाझेलला त्याचा सात भागांचा ग्रंथ छापला गेला. त्यात माणसात असे जाळे नाही हे त्याने लिहिलेच, शिवाय आपण ते इतकी वर्षे खरे मानले याची लाज वाटते, हेही लिहिले. वय अवघे अठ्ठावीस.

पॅरिसमधले त्याचे गुरू सिल्व्हियस भयंकर संतापले. गॅलेन चुकणे शक्य नाही, त्याच्यानंतर माणसाचे शरीरच बदलले असेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. १५५१ साली त्यांनी पुस्तक लिहून शिष्याला वेडा ठरविले.

इटली सोडून सम्राटाच्या नोकरीत जाताना व्हेसालियसने आपली टिपणे जाळून टाकली. मला हे फार लागले. पुढे १५५५ साली ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती मात्र त्याने काढली.

१५६४ मध्ये जेरुसलेमच्या यात्रेहून परतताना झांते बेटावर तो वारला. त्याची कबर आज सापडत नाही. बाझेलला १५४३ साली त्याने एका देहदंड झालेल्या गुन्हेगाराची हाडे जोडून उभा केलेला सांगाडा तेथे अजून जपून ठेवलेला आहे.