भिसे यांचं यंत्र आणि पैशाची वाट

गोडादऱ्यात आमच्या गल्लीत रात्री उशिरापर्यंत भरतकामाच्या मशिनी चालतात. पप्पा त्यांची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करतात. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच एक कार्ड बनवलं, धागा तुटला की मशीन थांबवणारं, बाहेरून येतं त्यापेक्षा स्वस्त. एका कारखानदाराला दाखवलं. त्याला आवडलं, पण पूर्ण तयार करून आणा, मग बघू, असं झालं. आता तयार करायलाच तर पैसे हवे होते ना! कार्ड कपाटावर पडून आहे. मंडळासाठी चरित्र लिहायचं ठरलं तेव्हा मला म्हणूनच शंकर आबाजी भिसे आठवले.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात यंत्रांच्या मागे लागायचं, असं त्यांचं तरुणपण. त्यांनी विज्ञानाचा क्लब काढला आणि 'विविध कला प्रकाश' नावाचं मासिकही चालवलं. तेही मराठीत! १८९७ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेत, किराणा माल आपोआप वजन करून देणाऱ्या यंत्राच्या कल्पनेसाठी त्यांनी बक्षीस मिळवलं. मग लंडन गाठलं. तिथे दादाभाई नौरोजींनी त्यांना पैशाचा आधार दिला.

लंडनमध्ये त्यांनी छपाईचे खिळे ओतायचं यंत्र हाती घेतलं. आपण साहित्याची मुलं पुस्तकाबद्दल बोलतो, खिळ्याबद्दल कधीच नाही. शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं, गार करायचं, अशी एकेका अक्षराची मेहनत. देवनागरीला तर काना-मात्रा, जोडाक्षरं धरून खिळ्यांची संख्या फारच वाढते. फादर स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रोमन लिपीत छापावं लागलं, कारण देवनागरी खिळेच हाताशी नव्हते. भिसे यांच्या 'भिसोटाइप'चा दावा मिनिटाला १२०० खिळ्यांचा होता. लंडनच्या जाणकारांचा त्यावर विश्वास बसेना.

आणि इथेच गाडी अडली. कल्पना एका रात्रीत सुचेल, पण नमुना बनवा, मोडा, परत बनवा, पेटंट घ्या, कारागिरांचा पगार द्या, हे वर्षानुवर्षं चालतं आणि तोवर विकायला काहीच नसतं. आज ज्याला आपण आर अँड डी म्हणतो, तो खर्च हाच. दादाभाई म्हणजे काही बँक नव्हते. हिंडमन या इंग्रज समाजवादी पुढाऱ्याने भांडवल जमवायचा प्रयत्न केला, तोही फसला. १९०८ मध्ये भिसे हात हलवत भारतात परतले.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांची गाठ सर रतन टाटांशी घालून दिली. (हे आपल्या काळातले रतन टाटा नव्हेत. आमच्या शेजारच्या नवसारीत जन्मलेल्या जमशेटजींचे हे धाकटे चिरंजीव.) त्यातून टाटा-भिसे सिंडिकेट उभं राहिलं आणि भिसे पुन्हा लंडनला गेले. एका भारतीय श्रीमंताने एका मराठी संशोधकाच्या अजून न झालेल्या यंत्रावर पैसा लावला, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. मला तर ती पोलाद कारखान्याइतकीच धाडसाची वाटते. पण १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि १९१५ मध्ये सिंडिकेट बंद झालं. यात टाटांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. पाच-सहा वर्षं थांबणारा माणूस आमच्या गल्लीत तरी मी पाहिलेला नाही.

भिसे मग अमेरिकेला गेले, न्यूयॉर्कला. तिथे यंत्राला वाट मिळाली, पण नाव जास्त झालं ते 'अॅटोमिडीन' या आयोडीनच्या औषधामुळे. आयुष्याची उमेद खिळ्यात ओतली आणि ओळख मिळाली बाटलीतून! तिकडे लोक त्यांना भारताचा एडिसन म्हणू लागले.

७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच त्यांचं निधन झालं. हे सगळं मी पप्पांना जेवताना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, टाटांनी पैसे द्यायच्या आधी यंत्र किती तयार होतं?