राजकवी ड्रायडन : एक पुनर्विचार

जॉन ड्रायडन हे नाव मी पहिल्यांदा वर्गात ऐकले, ते ‘वारा येईल तशी पाठ देणारा कवी’ या शिक्क्यासहच. तो शिक्का मीही बिनतक्रार मान्य केला. पुढे ग्रंथालयात त्याचे चरित्र वाचले आणि माझे मत मला बदलावे लागले.

ड्रायडन १६३१ साली नॉर्दम्प्टनशायरमध्ये जन्मला. शिक्षण वेस्टमिन्स्टर शाळेत व केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले. १६५८ मध्ये क्रॉमवेल वारला. दुसऱ्या वर्षी ड्रायडनने त्याच्यावर गौरवकाव्य लिहिले. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला, तर त्याच्या स्वागतालाही याची कविता हजर! १६६८ मध्ये तो राजकवी झाला. नाटक, उपहासकाव्य, समीक्षा या तिन्ही क्षेत्रांत त्याचा दरारा होता. १६७९ मध्ये लंडनच्या एका गल्लीत भाडोत्री गुंडांनी त्याला बेदम मारले, यावरून त्या काळी लेखणीची धास्ती किती होती ते कळते.

एक गोष्ट आपल्या जवळची. शिवराज्याभिषेकानंतर दुसऱ्याच वर्षी, १६७५ मध्ये, लंडनच्या रंगभूमीवर त्याचे ‘औरंगजेब’ नाटक आले. प्रत्यक्षात बापाला कैदेत टाकणारा औरंगजेब तेथे चक्क पितृभक्त नायक आहे! मराठी वाचकाला हसू आवरत नाही.

१६८५ मध्ये कॅथलिक असलेला दुसरा जेम्स राजा झाला. त्याच सुमारास ड्रायडनही कॅथलिक झाला. पदासाठी धर्म विकला, असे विरोधक म्हणू लागले. मलाही तसेच वाटले होते.

पण खरी कसोटी पुढेच होती. १६८८ च्या क्रांतीत जेम्सला पळून जावे लागले. नव्या राजाशी निष्ठेची शपथ घेतली असती, तर राजकवीपद टिकले असते. पाठ फिरवण्याची सवय असलेल्या माणसाला हे अवघड नव्हते. ड्रायडनने शपथ घेतली नाही. पद गेले, वेतन गेले; आणि ते पद मिळाले शॅडवेलला, ज्याची त्याने काव्यातून यथेच्छ टर उडवली होती! वयाच्या साठीकडे झुकलेला हा कवी पुन्हा पोटासाठी लिहू लागला. १६९७ मध्ये त्याचे व्हर्जिलचे भाषांतर प्रसिद्ध झाले. ते नव्या राजाला अर्पण करावे ही प्रकाशकाची इच्छा त्याने मानली नाही. तेव्हा प्रकाशकाने पुस्तकातील चित्रांत नायकाचे नाकच राजासारखे करून घेतले!

१ मे १७०० रोजी ड्रायडन वारला. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन झाले.

पहिल्या पालटाचे समर्थन मी करणार नाही. मात्र तेव्हा सारा देशच पालटला होता. ज्या पालटात तोटाच होता, त्याला तो शेवटपर्यंत चिकटून राहिला. माणसाची निष्ठा जोखायची तर त्याने काय मिळवले यापेक्षा काय सोडले ते आधी पाहावे, एवढे मी त्याच्याकडून शिकलो.