कै. रॉबर्ट केनेडी : श्रमिकांच्या ठेवीचा राखणदार

१९२५ साली अमेरिकेतील धनाढ्य कुळात जन्मलेल्या रॉबर्ट केनेडी यांचे चरित्र वर्गणीवर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेने मनन करावे असे आहे. सिनेटच्या समितीचे प्रमुख वकील या नात्याने त्यांनी १९५७ साली टीमस्टर्स या वाहतूक कामगार संघटनेतील गैरव्यवहार उजेडात आणले. तरीही प्रतिनिधींनी त्याच वर्षी जिमी हॉफा यांनाच अध्यक्ष निवडले! १९५९ च्या कायद्याने संघनिधीचा अपहार केंद्रीय गुन्हा ठरला. पुढे केनेडी अ‍ॅटर्नी जनरल असता, १९६४ साली निवृत्तिवेतन निधीतील फसवणुकीबद्दल हॉफा यांस ५ वर्षांची शिक्षा झाली. केनेडींस आकसाचा दोष देणारेही होते. परंतु तो पैसा कामगारांच्या वार्धक्याची पुंजी होता, हे आम्ही विसरू शकत नाही. १९६८ साली केनेडींची हत्या झाली. न्यायालय उशिरा जागे होते. सभासदांनी आधीच हिशेब मागावा, एवढीच आमची ज्ञातिबांधवांस विनंती.