कवेलूवरचा जपानी पाहुणा

कामठीच्या आमच्या जुन्या घरावर कवेलूचे छप्पर होते आणि त्या छपरावर, बल्लीला तारेने आवळून बांधलेला, टीव्हीचा अँटेना होता. दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद झाले, घरोघरी केबल आली, मग छत्री आली, पण तो अँटेना काढायचे कुणाच्या मनात आले नाही. घर दुरुस्तीला काढले तेव्हा धाकट्या भावाने तो खाली उतरवला. भंगारवाला दारात उभा होताच. अॅल्युमिनियमचे वजन करायला त्याने काटा काढला आणि का कोण जाणे, मी त्याला थांबवले.

वाचकहो, या काड्यांच्या सांगाड्यामागे एका माणसाचे आयुष्य आहे. कामठीचा जपानशी संबंध म्हटला की लोक १९९९ साली उभ्या राहिलेल्या ड्रॅगन पॅलेस बुद्धविहाराचे नाव घेतात, आणि ते खरेच आहे. परंतु त्याच्या कितीतरी आधी एक जपानी माणूस आमच्या कवेलूंवर येऊन बसला होता. आम्हाला त्याचे नाव ठाऊक नव्हते, इतकेच. त्याचे नाव हिदेत्सुगु यागी.

आधी आमच्या घरची हकीकत सांगतो. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण सुरू झाले आणि आईने टीव्हीचा हट्ट धरला. मी बँकेत नवा नवा अधिकारी. कर्ज काढून ब्लॅक अँड व्हाइट संच आणला. अँटेना घेताना दुकानदाराने सांगितले की जितक्या काड्या जास्त तितके चित्र स्वच्छ, आणि वर बूस्टर लावला की पाहायलाच नको. मी हिशेबाचा माणूस, पण तिथे हिशेब विसरलो आणि सगळ्यांत लांबलचक अँटेना, बूस्टरसकट, घरी आणला. पडद्यावर मुंग्या त्या मुंग्याच. रामाच्या मागे आणखी एक फिकट राम दिसे.

दोन दिवस मी खाली बसून सूचना देत होतो आणि धाकटा उन्हात छपरावर होता. अखेर त्याच्याच लक्षात आले की शेजाऱ्यांचा चार काड्यांचा अँटेना आमच्यापेक्षा चांगले चित्र देतो. नागपूर कामठीहून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. इतक्या जवळ बूस्टरची गरजच नव्हती. तो चित्राबरोबर खरखरही वाढवत होता. शेजारच्या पत्र्याच्या टाकीवर आपटून येणाऱ्या लहरींमुळे तो दुसरा राम दिसत होता. धाकट्याने बूस्टर काढला, बल्ली छपराच्या दुसऱ्या टोकाला नेली, हातभर उंच केली आणि अँटेनाचे तोंड नैर्ऋत्येला, नागपूरकडे वळवले. चित्र आरशासारखे लख्ख! त्या रविवारी अर्धी गल्ली आमच्या घरात बसली होती आणि जो तो साहेबांनी काय सुरेख अँटेना बसवला म्हणून माझे कौतुक करत होता. धाकटा दाराशी उभा राहून पाणी पीत होता. मी काहीच बोललो नाही.

पुढे वाचनात यागींचे चरित्र आले आणि ते पाणी पिणे मला आठवले.

यागींचा जन्म २८ जानेवारी १८८६ रोजी ओसाका शहरात झाला. जपानी लिपीत त्यांचे आडनाव ‘आठ’ आणि ‘झाड’ अशा दोन अक्षरांनी लिहितात. १९०९ साली तोक्यो विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते शिक्षक झाले. १९१३ मध्ये त्यांना युरोपात पाठवण्यात आले. जर्मनीत बार्कहाउझेन या विख्यात शास्त्रज्ञाकडे ते शिकत होते. महायुद्ध पेटले तेव्हा ते सुट्टीवर स्वित्झर्लंडमध्ये होते. जर्मनीत परतण्याची वाट बंद झाली. मग त्यांनी लंडनला फ्लेमिंग यांच्याकडे आणि अमेरिकेत हार्वर्डला पिअर्स यांच्याकडे काम केले. १९१६ साली ते मायदेशी परतले आणि सेंदाई शहरातील तोहोकू विद्यापीठात रमले.

बिनतारी लहरी दिव्याच्या उजेडासारख्या चहूकडे पसरतात. त्या बॅटरीच्या झोतासारख्या एकाच दिशेने पाठवता येतील का, हा त्यांचा ध्यास होता. हाताशी शिन्तारो उदा नावाचा दहा वर्षांनी लहान असलेला, अत्यंत कष्टाळू सहकारी होता. काड्या कापणे, मागेपुढे सरकवणे, मोजणे, पुन्हा कापणे, हे सारे उदांनी केले. त्यातून जे निघाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मध्ये एकच काडी तारेने जोडलेली असते. तिची लांबी लहरीच्या साधारण निम्मी. मागे किंचित लांब काडी, ती लहरींना आरशासारखी परतवते. पुढे किंचित आखूड काड्या, त्या लहरींना वाट दाखवतात. गंमत अशी की या मागच्यापुढच्या काड्यांना तार जोडलेलीच नसते. जसे भजनात एक बुवा गातो आणि टाळकरी नुसत्या साथीने त्याचा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत पोचवतात, तसेच हे.

१९२५ च्या डिसेंबरात पेटंटसाठी अर्ज झाला तो एकट्या यागींच्या नावाने. उदांचे लेख जपानी भाषेत येत राहिले. १९२८ मध्ये यागी अमेरिकेत गेले, तिथे व्याख्याने दिली आणि इंग्रजीत लेख लिहिला. लेखात त्यांनी उदांच्या कामाचे श्रेय मोकळेपणाने दिले होते. परंतु लेखकाच्या जागी नाव एकच होते. जगाने मथळा वाचला, आतला मजकूर विसरला. अँटेनाचे नाव ‘यागी’ पडले. खात्यात नाव एकदा लागले की ते बदलून घेणे किती कठीण असते, हे आम्हा बँकवाल्यांना चांगले ठाऊक आहे.

मात्र यागींनाही घरात मान मिळाला नाही. परदेशी लोक त्यांच्या काड्यांवर प्रयोग करत होते आणि जपानी लष्कराला त्यात काही राम वाटत नव्हता. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले तेव्हा जपान्यांना एका ब्रिटिश सैनिकाची रडारवरची टिपणे सापडली. त्यात ‘यागी’ हा शब्द वारंवार येत होता. त्याचा अर्थ कुणालाच कळेना. अखेर त्या कैद्यालाच विचारले, तेव्हा त्याने थक्क होऊन सांगितले की हे तर तुमच्याच एका प्राध्यापकाचे नाव आहे, अशी हकीकत सांगितली जाते.

याहून कठोर गोष्ट पुढेच आहे. १९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर पडलेल्या बॉम्बना, जमिनीपासून नेमक्या उंचीवर स्फोट व्हावा म्हणून, छोटी रडार यंत्रे बसवलेली होती. त्या यंत्रांचे अँटेना यागींच्याच पद्धतीचे होते. एखाद्या संशोधकाच्या वाट्याला याहून मोठे दुःख काय येणार? युद्धाच्या अखेरच्या काळात यागी सरकारच्या तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख होते. तरुण पोरे आत्मघातकी हल्ल्यांत मरत होती. विज्ञान वेळेवर काही देऊ शकले नाही म्हणून ही पोरे मरताहेत, याची कबुली त्यांनी भर संसदेत देऊन क्षमा मागितली होती.

त्यांच्यातला शिक्षकही विसरू नये. ओसाका विद्यापीठात १९३३ पासून भौतिकशास्त्र विभाग त्यांच्याकडे होता. तिथल्या हिदेकी युकावा या बुजऱ्या तरुणाला, शोधनिबंध लिहीत नाही म्हणून, त्यांनी चांगलेच फैलावर घेतले होते. त्या तरुणाने १९३५ साली मेसॉन कणाचा सिद्धांत प्रसिद्ध केला आणि १९४९ मध्ये जपानला पहिले नोबेल मिळवून दिले.

युद्धानंतर दिवस पालटले. १९५२ साली यागींच्या नावाने अँटेना बनवणारी कंपनी निघाली, १९५६ मध्ये सरकारने त्यांना संस्कृतीचे सर्वोच्च पदक दिले. टीव्ही जगभर पसरला आणि त्याबरोबर काड्याही छपराछपरावर गेल्या. आणि उदा? पन्नाशीच्या दशकात ते चक्क भारतात होते, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. १९५९ साली त्याच दिल्लीत आपल्याकडचा टीव्ही सुरू झाला, परंतु या पाहुण्याचे नाव कुणाच्या तोंडी राहिले नाही. यागी १९ जानेवारी १९७६ ला गेले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उदाही. आता पुस्तकांत या अँटेनाला यागी-उदा म्हणतात. उशिरा का होईना, खात्यात दुसरे नाव लागले.

भंगारवाला काटा घेऊन परत गेला. अँटेना पुसून मी ओसरीच्या भिंतीला टेकवून ठेवला. संध्याकाळी नातू आला आणि हे काय म्हणून विचारू लागला. हा यागी-उदा अँटेना, मी सांगितले. मग धाकटा समोर बसलेला असतानाच, बूस्टर कुणी काढला, बल्ली कुणी हलवली आणि त्या रविवारी गल्लीला रामायण कुणी दाखवले, हेही सांगितले. धाकट्याने काही न बोलता पाण्याचा पेला उचलला.