अंगण मुलापाशी जावे

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून ऊसतोडणी मजूर साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. आईच्या कडेवरचे दीड-दोन वर्षांचे मूलही त्यांच्याबरोबर जाते. नेमक्या याच वयात मुलाला वाचा फुटत असते. भाषेचा पाया शाळेत नाव घालण्यापूर्वीच घातला जातो, ही जाण महाराष्ट्रात रुजविण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या ताराबाई मोडक यांचे स्मरण या जिल्ह्यात म्हणूनच अगत्याचे ठरते.

ताराबाईंचा जन्म १८९२ मध्ये मुंबईत झाला. राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्रमुखपद त्या काळी मानाचे होते. ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या कार्यात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार काढले आणि ‘शिक्षणपत्रिके’तून थेट पालकांशी संवाद साधला.

परंतु शहरी, सुशिक्षित घरांपुरते हे कार्य राहावे, हे त्यांना मानवले नाही. वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ मध्ये, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या; १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या पाड्यावरील अंगणात गेली. माँटेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांची जागा शंखशिंपले, बिया, पाने यांनी घेतली. हातात आलेल्या वस्तूचे नाव मूल विचारते, मोठे माणूस ते सांगते, मूल ते पुन्हा उच्चारते. गाण्यागोष्टींतून ते शब्द मनात मुरतात. भाषा वाढते ती अशी.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या निवर्तल्या. दोन वर्षांनी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द खेडोपाडी पोहोचला.

मूल बोलण्याआधी समजू लागते. म्हणून न्हाऊ घालताना, भाकरी थापताना आईने त्याच्याशी बोलावे, त्याच्या बोबड्या उत्तराची वाट पाहावी. यास पैसा लागत नाही. उसंत मात्र लागते. पहाटेपासून फडात राबणाऱ्या आईपाशी तीच नसते. कोपीवर तान्ह्याला सांभाळणारी थोरली बहीण स्वतःच शाळेला मुकलेली असते आणि गावची अंगणवाडी गावातच राहते. हा दोष आईच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

ताराबाईंनी मुलाची वाट पाहत न बसता त्याच्यापर्यंत जाण्याचा मार्ग पत्करला. हंगामाचे पाच-सहा महिने अंगणवाडी कोपीपर्यंत पोहोचवणे हे शासनाचे आणि कारखान्यांचे कर्तव्य होय. आपल्या पक्क्या घरातील मुलाशी आज आपण किती वेळ बोललो, हा प्रश्न मात्र शिक्षकाने आणि कारकुनाने स्वतःलाच विचारावयाचा आहे.