रिंगरसाहेब आणि नळाचं पाणी

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहा असा निरोप होता. त्या सगळेच लिहितील. मी उभी नोकरी मुंबईत रक्त-लघवी तपासण्यात काढली, म्हणून माझ्या कामाशी नातं असलेल्या एका माणसाबद्दल लिहितो. त्यांचं नाव तुम्ही बहुतेकांनी वाचलेलं आहे. इस्पितळात खाटेशेजारी सलाइनची बाटली टांगलेली असते, तिच्यावर पुष्कळदा रिंगर लॅक्टेट असं छापलेलं असतं. ते रिंगर म्हणजे डॉक्टर सिडनी रिंगर.

साहेब मूळचे इंग्लंडातल्या नॉरविचचे. एक भाऊ थेट जपानात, नागासाकीला व्यापारात मोठा झाला. हे मात्र लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले आणि तिथल्याच इस्पितळात जन्मभर राहिले. १८६९ साली निघालेल्या त्यांच्या औषधोपचारावरच्या पुस्तकाच्या तेरा आवृत्त्या झाल्या. एवढ्यावर कोणीही समाधानी राहिला असता. पण रुग्ण पाहून झाले की साहेब प्रयोगशाळेत जात. बेडकाचं हृदय काढून क्षारांच्या पाण्यावर ते किती वेळ चालतं हे बघत बसत.

१८८२ साली त्यांनी निबंध छापला. साध्या मिठाच्या पाण्यात पोटॅशियम वगैरे थोडं घातलं की हृदय छान चालतं, असा त्याचा मथितार्थ. मग कळलं की ते पाणी ऊर्ध्वपातित नव्हतंच, नळाचं होतं. न्यू रिव्हर कंपनीचं हे पाणी हर्टफर्डशायरच्या खडूच्या जमिनीतल्या झऱ्यांचं, म्हणजे चुन्याचा अंश असलेलं. (आपल्याकडे सगळा जांभा. चुना हवा तर शिंपले भाजायचे. आपल्या विहिरीच्या पाण्यावर हा शोध लागला नसता, असं मला उगीच वाटतं.) शुद्ध पाण्यात तेच क्षार घातले तर ठोके मंदावत जाऊन साधारण वीस मिनिटांत थांबत. कॅल्शियमचा लवलेश घातला की पुन्हा सुरू.

साहेबांनी काय केलं? १८८३ साली त्याच नियतकालिकात, गेल्या वर्षीचं पाणी नळाचं होतं आणि आपले निष्कर्ष त्यामुळे चुकले, हे स्वतःच्या नावानिशी छापलं. माशांवरही त्यांनी प्रयोग केले. नळाच्या पाण्यात तगणारे छोटे मासे शुद्ध पाण्यात मरत. पोटॅशियम जास्त झालं तर हृदय सैल पडून थांबतं आणि कॅल्शियम जास्त झालं तर आवळून थांबतं, हेही त्यांनी दाखवलं.

असं का होतं, ते त्यांच्या हयातीत उलगडलं नाही. प्रत्येक पेशीभोवती पातळ पटल असतं आणि त्याच्या आत-बाहेर विजेचा दाब वेगळा असतो, व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. पटलात सोडियमला आत घेणारी दारं असतात. बाहेरचं कॅल्शियम ती दारं आवरून धरतं. ते घटलं की दारं जराशा कारणाने उघडतात आणि हाताची बोटं आपोआप वाकडी होतात. शिवाय हृदयाच्या पेशीत शिरून आकुंचन घडवणारंही कॅल्शियमच. दारांची ही गोष्ट १९५७ साली फ्रँकेनहॉयझर आणि हॉजकिन यांनी माकुलाच्या जाड मज्जातंतूवर मोजून दाखवली. साखरीनाट्याच्या बंदरात टोपलीने उतरतं तेच माकूल! मूत्रपिंड निकामी होऊन रक्तात पोटॅशियम वाढतं तेव्हा डॉक्टर शिरेतून कॅल्शियम देतात, तेही याचसाठी. पोटॅशियम त्याने उतरत नाही, पण हृदय सावरतं आणि पुढच्या इलाजाला वेळ मिळतो.

आता माझं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका सकाळी ऊर्ध्वपातित पाणी संपलं होतं. मी परीक्षानळ्या नळाखाली विसळल्या आणि कोणाला बोललो नाही. त्या दिवशी सगळ्यांचंच कॅल्शियम जास्त आलं. वरिष्ठांना शंका आली, सर्वांना विचारलं. मी मान खाली घालून उभा राहिलो. दोष रसायनाच्या बाटलीवर गेला. सगळ्यांचं रक्त पुन्हा काढावं लागलं, त्यात एक तीन वर्षांची मुलगी होती. तिचं रडणं मला बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू आलं. रिंगरसाहेबांचा किस्सा मी पुढे कित्येक वर्षांनी वाचला, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

चूक छापल्याने साहेबांचं काही बिघडलं नाही. १८८५ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. घरात मात्र दुःख होतं. त्यांची मुलगी ॲनी लहानपणीच गेली होती. तिच्या स्मरणार्थ त्यांनी यॉर्कशायरमधल्या लास्टिंगहॅम गावचं जुनं चर्च दुरुस्त करवलं. १९१० साली त्याच गावी त्यांचा अंत झाला. बाटलीवरचं लॅक्टेट पुढे १९३०च्या दशकात हार्टमन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी त्यात घातलं.

माझे ते वरिष्ठ आता हयात नाहीत. त्यांना सांगायचं राहिलं. मेळाव्याला विज्ञानाचे गुरुजी येणार आहेत असं कळतं. नळ्या कशाने विसळायच्या ते आठवीत त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून निदान त्यांनी तरी हे वाचावं.